निकालावर अनुदान : दीड शतकाचा अनुभव

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



शाळेला पैसा कोणी द्यावा, किती द्यावा आणि कशाच्या आधारावर द्यावा, असे तीन प्रश्न प्रत्येक समाजापुढे कधी ना कधी उभे राहतात. पहिल्या दोन प्रश्नांवर विधिमंडळात, वृत्तपत्रांत आणि संस्थांच्या वार्षिक सभांत पुष्कळ चर्चा होते. तिसरा प्रश्न मात्र बहुधा हिशेबतपासनिसाचा विषय समजून बाजूला ठेवला जातो. वास्तविक शाळेच्या चार भिंतींच्या आत दिवसभर काय शिकवले जाईल आणि कोणत्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष जाईल, हे ज्या गोष्टींवर ठरते त्यांत या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा वाटा फार मोठा असतो.

अनुदानाचे आधार मुख्यतः तीन असू शकतात. शाळेची गरज पाहून पैसा द्यावा, मुलांची संख्या मोजून द्यावा, अथवा परीक्षेचा निकाल पाहून द्यावा. यांपैकी तिसरा आधार व्यवहारचतुर माणसाला सर्वांत न्याय्य वाटतो. माल पारखून दाम द्यावा, हा पेढीवरचा नियम शाळेलाही का लावू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. हा विचार अनेक देशांनी प्रत्यक्षात आणून पाहिला आहे. त्याचा पहिला मोठा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी झाला आणि त्याची सावली मुंबई इलाख्यावरही पडली होती. म्हणून हा अनुभव परका नाही.

इंग्लंडमधील सुधारित संहिता

इंग्लंडमध्ये १८३३ साली पार्लमेंटने शाळांच्या इमारतींसाठी प्रथमच वीस हजार पौंड मंजूर केले. पुढील पंचवीस-तीस वर्षांत हा खर्च अनेक पटींनी वाढला. शाळा धर्मसंस्थांच्या आणि पैसा सरकारचा, अशी ती व्यवस्था होती. १८५८ साली नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये अहवाल दिला. शिक्षक वरच्या वर्गातील हुशार मुलांवर मेहनत घेतात आणि खालच्या वर्गातील सामान्य मुले वाचन, लेखन व अंकगणितातही कच्ची राहतात, असा त्याचा एक प्रमुख आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. सुधारणेचा हेतू दुर्बल मुलाला न्याय मिळावा हाच होता.

त्या वेळी शिक्षण खात्याची सूत्रे रॉबर्ट लो यांच्याकडे होती. १८६२ च्या सुधारित संहितेने त्यांनी अनुदान परीक्षेशी जोडले. शिक्षण स्वस्त नसेल तर ते परिणामकारक तरी होईल आणि परिणामकारक नसेल तर निदान स्वस्त पडेल, अशा आशयाचे आश्वासन त्यांनी पार्लमेंटला दिले. सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे सरासरी हजेरीबद्दल चार शिलिंग आणि परीक्षेबद्दल आठ शिलिंग, असा दर ठरला. परीक्षा वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांची. एका विषयात मूल नापास झाले की आठ शिलिंगांतून दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. तिन्ही विषयांत नापास झालेल्या मुलामागे परीक्षेचे काहीच मिळत नसे.

खर्च कमी होण्याचा हेतू लगेच साधला. १८६२ च्या सुमारास आठ लाख पौंडांच्या वर असलेले वार्षिक अनुदान पुढील तीन-चार वर्षांतच साडेसहा लाखांच्या खाली उतरले. परंतु शाळेच्या आत जे घडले ते कोणी योजलेले नव्हते. इतिहास आणि भूगोल यांना अनुदान नसल्याने ते विषय मागे पडले, इतके की १८६७ मध्ये सरकारला या विषयांसाठी वेगळे जादा अनुदान जाहीर करावे लागले. निरीक्षक ज्या पुस्तकातून वाचायला सांगणार ते पुस्तक मुले वर्षभर घोकून पाठ करीत. पुस्तक उलटे धरूनही काही मुले अचूक ‘वाचत’. आजारी मुलांनाही निरीक्षणाच्या दिवशी शाळेत आणून बसवले जाई, कारण त्या दिवशीची गैरहजेरी म्हणजे शाळेचे प्रत्यक्ष नुकसान होते.

सुप्रसिद्ध कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे पस्तीस वर्षे शाळा-निरीक्षक होते. संहितेला त्यांनी आरंभापासून विरोध केला. मुलाला खरोखर वाचता, लिहिता वा हिशेब करता येत नसतानाही परीक्षेपुरते तयार करता येते, हे त्यांनी आपल्या सरकारी अहवालांतूनच दाखवून दिले. दुसरे एक निरीक्षक एडमंड होम्स यांनी ही पद्धत स्वतः राबवली होती. निवृत्तीनंतर १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी तिचे कठोर परीक्षण केले. बाहेर दिसणारे फळ हेच सर्वस्व मानले की आतली वाढ थांबते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. १८९० च्या नव्या नियमांनी ही पद्धत मोडीत काढण्यास आरंभ झाला आणि ते दशक संपेपर्यंत ती नाहीशी झाली. तोवर एका संपूर्ण पिढीचे बालपण तिच्यात गेले होते.

मुंबई इलाखा आणि महात्मा फुले

हिंदुस्थानात १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व स्वीकारले. हे अनुदान कसे द्यावे, याचे नियम प्रत्येक इलाख्याने आपापले केले. मुंबई इलाख्याने १८६० च्या दशकात निकालावर अनुदान हीच पद्धत उचलली. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, तेव्हा या पद्धतीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

या आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वश्रुत आहे. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रारही परिचित आहे. त्याच निवेदनातील आणखी दोन मुद्दे मात्र फारसे कोणी उद्धृत करीत नाही.

पहिला मुद्दा निकालावरील अनुदानाचा. जेथे लोक दरिद्री आहेत आणि शिक्षणाची गोडी अजून निर्माण झालेली नाही, तेथे ही पद्धत मुळीच उपयोगी नाही, असे फुले यांनी स्पष्टपणे नोंदवले. अशा वस्तीत कोणताही शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढणार नाही, कारण त्या उत्पन्नावर त्याचा चरितार्थ चालणार नाही, हे त्यांचे कारण होते. म्हणजेच जेथे शाळेची गरज सर्वांत अधिक, तेथेच या पद्धतीने पैसा सर्वांत कमी पोचणार. दुसरा मुद्दा शिष्यवृत्त्यांचा. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्याने शिक्षणाची गोडी आधीच लागलेल्या वर्गांनाच उत्तेजन मिळते आणि इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षण जेथे पोचलेच नाही त्या वर्गांसाठी असाव्यात, असे त्यांनी सुचवले.

हंटर आयोगाने महाविद्यालयांसाठी निकालावरील अनुदान नको म्हटले, पण मागास भाग सोडून इतरत्र प्राथमिक शाळांसाठी ते मान्य केले. ज्या लहान मुलांबद्दल फुले बोलत होते, त्यांच्याच शाळांना ही पद्धत चिकटून राहिली. खुद्द इंग्लंड ती सोडण्याच्या मार्गावर असताना हे घडले.

अमेरिकेतील पुनरावृत्ती

इतिहास विस्मृतीत गेला की तो नव्या वेशात परत येतो. अमेरिकेत शाळांचा खर्च मुख्यतः राज्य सरकारे आणि स्थानिक मालमत्ता कर यांतून भागतो. केंद्र सरकारचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. श्रीमंत वस्तीतील घरांची किंमत जास्त, म्हणून तेथे कराचे उत्पन्न जास्त आणि शाळाही सुसज्ज. गरीब वस्तीत याच्या उलट. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील गरीब वस्तीतल्या पालकांनी या विषमतेविरुद्ध दाद मागितली. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती नाकारली आणि केंद्रीय राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, असा निर्णय दिला.

गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचा हात मिळावा म्हणून १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायदा केला होता. जॉन्सन यांनी तरुणपणी टेक्सासमधील एका खेड्यात मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवले होते. ८ जानेवारी २००२ रोजी याच कायद्याला नवे रूप मिळाले. ‘एकही मूल मागे राहू नये’ असे त्याचे नाव होते. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी आणि माध्यमिक शाळेत एकदा वाचन व गणिताची प्रमाणित चाचणी सक्तीची झाली. २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण झाली पाहिजेत, असे लक्ष्य ठरले. गरीब मुलांसाठीचे केंद्रीय साहाय्य घेणारी शाळा सलग दोन वर्षे लक्ष्याला पोचली नाही तर पालकांना मूल दुसऱ्या शाळेत नेण्याची मुभा मिळे. पुढे शिक्षक बदलणे, अखेर शाळेची पुनर्रचना करणे, अशी शिक्षेची चढती श्रेणी होती.

या कायद्याचे श्रेयही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शाळेची सरासरी पाहून समाधान मानण्याची सवय त्याने मोडली. कृष्णवर्णीय, स्थलांतरित, अपंग आणि गरीब मुलांचे निकाल वेगळे दाखवणे बंधनकारक झाल्याने झाकली गेलेली दुरवस्था उजेडात आली. चौथीच्या मुलांच्या गणितात सुधारणा झाल्याचे अभ्यासकांना आढळले. वाचनात मात्र तशी प्रगती दिसली नाही. दुसरीकडे विज्ञान, समाजशास्त्र, संगीत आणि चित्रकला यांचा वेळ अनेक शाळांत वाचन-गणिताच्या सरावाकडे वळला. प्रावीण्याची पातळी ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे असल्याने काहींनी ती पातळीच खाली आणली.

सर्वांत दुःखद प्रकरण अटलांटा शहराचे. तेथील शाळांच्या निकालांतील झेप देशभर वाखाणली गेली होती. २०११ मध्ये सरकारी चौकशीत तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत मुलांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचे आणि त्यात १७८ शिक्षक व मुख्याध्यापक गुंतल्याचे निष्पन्न झाले. २०१५ मध्ये अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. यात शिक्षकांच्या नीतीचा प्रश्न आहेच. परंतु खरी हानी त्या मुलांची झाली. ज्यांना वाचता येत नव्हते ते कागदावर उत्तीर्ण झाल्यामुळे त्यांना मिळायची मदत मिळालीच नाही. शंभर टक्क्यांचे लक्ष्य गाठता येत नाही हे स्पष्ट झाल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये तो कायदा बदलण्यात आला. चाचण्या राहिल्या, पण शाळांवरील कारवाईचे अधिकार बहुतांशी राज्यांकडे गेले.

महाराष्ट्राचा अनुभव

समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७० च्या दशकात एक नियम मांडला. एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय अवलंबून ठेवावेत, तितका तो आकडा भ्रष्ट होण्याचा धोका वाढतो आणि ज्या कामाचे मोजमाप करायचे ते कामही बिघडते. या नियमाची साक्ष महाराष्ट्रातही मिळते. येथे आकडा निकालाचा नव्हता, पटसंख्येचा होता. शिक्षकांची पदे आणि पर्यायाने वेतन अनुदान पटावरील विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो विद्यार्थी केवळ हजेरीपटावरच असल्याचे उघड झाले. पैसा ज्या आकड्याला बांधला गेला, तो आकडा फुगला.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवू नये, अशी तरतूद त्यात होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला परीक्षा घेण्याची आणि अनुत्तीर्ण मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. २०१७ व २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये ‘परख’ सर्वेक्षण झाले. नमुना म्हणून निवडलेल्या शाळांतील मुलांची ही पाहणी असते. स्वयंसेवी क्षेत्रातील ‘असर’ पाहणी २००५ पासून घरोघर जाऊन ग्रामीण मुलांचे वाचन आणि हिशेब तपासत आली आहे. या पाहण्यांमुळे पाचवीतील पुष्कळ मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हे कटू सत्य देशासमोर आले. कोणत्याही एका शाळेचे अनुदान त्या निष्कर्षावर अवलंबून नसते. म्हणून ते लपवण्याची कोणाला गरज वाटत नाही आणि म्हणूनच ते विश्वासार्ह राहते.

पैशाचा मूळ प्रश्न मात्र जागच्या जागी आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावा, असे सुचवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तोच सहा टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहिला. पन्नास वर्षांहून अधिक काळ एकच संकल्प पुन्हा पुन्हा करावा लागतो, याचा अर्थ तो पूर्ण झालेला नाही. अशा स्थितीत अपुऱ्या साधनांनी काम करणाऱ्या शाळेला फक्त निकाल विचारणे, हे अर्धपोटी माणसाचे वजन रोज करण्यासारखे आहे. तराजू कितीही अचूक असला तरी त्याने वजन वाढत नाही.

मोजमाप कशासाठी?

यावरून परीक्षाच नकोत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वैद्य नाडी पाहतो, ती उपचार ठरवण्यासाठी. नाडी मंद आहे म्हणून तो रुग्णाचे औषध बंद करीत नाही. चाचणीचा उपयोग मुलाला काय येत नाही हे शिक्षकाला कळावे आणि कोणत्या शाळेला अधिक साहाय्य हवे हे शासनाला कळावे, यासाठी झाला तर ती हितकारकच आहे. तीच चाचणी दंडाचे साधन झाली की शिक्षक मुलाकडे न पाहता आकड्याकडे पाहू लागतो. १८६२ मध्ये हे घडले आणि २००२ नंतरही तेच घडले.

एकाच बाजूने पाहून वस्तूचे पूर्ण ज्ञान होत नाही, ही अनेकांताची शिकवण या समाजाला कोणी नव्याने सांगायला नको. तीन विषयांच्या गुणांतून मुलाची एक बाजू कळते. त्याची जिज्ञासा, त्याचा प्रामाणिकपणा, घरी धाकट्या भावंडाला सांभाळून शाळेत येण्याची त्याची धडपड या बाजू गुणपत्रिकेत उमटत नाहीत. कुंभोजच्या जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालेले नव्हते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जातींच्या गरीब मुलांना एका छताखाली, एका पंगतीत बसवून शिकवले. आधी निकाल दाखवा मग आधार देऊ, असे त्यांनी कोणत्याही मुलाला म्हटले असते, तर ग्रामीण महाराष्ट्रातील हजारो घरांत पहिले अक्षर पोचायला आणखी एक पिढी लागली असती. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही पदवी देऊन गौरवले.

समाजापुढील प्रश्न

शासनाच्या धोरणावर टीका करणे सोपे असते. परंतु निकालावर अनुदान देण्याची रीत केवळ शासनापुरती नाही. जवळजवळ प्रत्येक समाजसंस्थेत दरवर्षी जून-जुलैत गुणगौरव समारंभ होतो. नव्वद टक्क्यांवर गुण मिळवणाऱ्या मुलामुलींना स्मृतिचिन्ह आणि रोख पारितोषिक दिले जाते. त्यात गैर काहीच नाही, यशाचे कौतुक झालेच पाहिजे. मात्र त्याच सभागृहाच्या मागच्या रांगेत पंचेचाळीस टक्के मिळवून बसलेले मूल असते. त्याचे नाव पुकारले जात नाही आणि त्याचे आईवडील हळूच उठून निघून जातात. त्या मुलाला शिकवणीची, पुस्तकांची किंवा नुसत्या विचारपूस करणाऱ्या माणसाची गरज अधिक असते. समाजाचा शैक्षणिक निधी मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. फुले यांनी १८८२ मध्ये शिष्यवृत्त्यांविषयी घेतलेला आक्षेप येथे तंतोतंत लागू पडतो.

म्हणून काही गोष्टींचा विचार संस्थांनी अवश्य करावा. गुणगौरवासाठी जितकी रक्कम राखली जाते, निदान तितकीच रक्कम मागे पडलेल्या मुलांच्या पूरक वर्गांसाठी राखता येईल. हे वर्ग तिसरी-चौथीपासून असावेत, कारण वाचनाची गाठ तेथेच पडलेली असते आणि ती दहावीत सुटत नाही. पारितोषिक देताना गेल्या वर्षीपेक्षा स्वतःची प्रगती केलेल्या मुलांचाही सन्मान व्हावा. गावातील जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेला देणगी देताना तिचा निकाल किती लागला याऐवजी तिच्याकडे काय नाही, हे विचारावे. पुस्तके, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, विज्ञानाचे साहित्य यांची उत्तरे शिक्षक लगेच देतील. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. शासकीय शाळांतील पालकांना ही समिती नीट चालवता यावी म्हणून समाजातील हिशेब जाणणाऱ्या, सेवानिवृत्त मंडळींनी त्यांना साह्य करावे. शाळेचा पैसा कोठे जातो हे पाहणारा डोळा गावातच असेल तर वरून येणाऱ्या आकड्यांवर विसंबण्याची वेळ कमी येईल.

ज्ञानदानाला दानांत श्रेष्ठ म्हटले आहे. दान देणारा घेणाऱ्याची गरज पाहतो. त्याच्या गुणपत्रिकेवर तो दानाचे माप ठरवीत नाही. शासनाने अनुदान देताना आणि समाजाने देणगी देताना हा विवेक राखला, तर मागच्या रांगेतील मूलही पुढच्या समारंभाला मान ताठ ठेवून येईल. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेच्या हातून असे कार्य घडो, ही सदिच्छा.